डिझायर की अर्टिगा? आधी मागं कोण बसणार ते सांगा

२२ सप्टेंबर २०२५ ला गाड्यांचा जीएसटी बदलला, तेव्हापासून इनबॉक्समध्ये एकच प्रश्न सारखा येतोय. "दादा, डिझायर घेऊ का अर्टिगा?" कुणी सोबत कोटेशनचा फोटो पाठवतं, कुणी यूट्यूबची लिंक. प्रत्येकाला खाजगीत तेच तेच लिहिण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर रात्री जेवण झाल्यावर वाचा.

मी मेकॅनिक नाही, गाड्यांचा एजंटही नाही. पण आमच्या धंद्यात स्वतःच्या गाडीपेक्षा दुसऱ्याच्या गाडीत जास्त बसावं लागतं. पुढाऱ्याच्या दौऱ्यात पत्रकाराची जागा ठरलेली असते, शेवटची रांग. पुढं अंगरक्षक, मध्ये साहेब आणि दोन पदाधिकारी, आणि मागं स्टेपनीच्या सोबतीला आम्ही. विट्याहून आटपाडी, तिथून जत आणि परत, असा तिसऱ्या रांगेत मी किती वेळा गेलोय त्याचा हिशोब नाही. त्यामुळं त्या सीटबद्दल मला कुणी यूट्यूबवर शिकवू नये.

आधी शब्दांचं बघू. ज्याला अमेरिकेत मिनीव्हॅन म्हणतात त्याला आपल्याकडं कंपन्या एमपीव्ही म्हणतात आणि लोक सरळ 'सात सीटर' म्हणतात. अमेरिकेत १९८४ च्या मॉडेलवर्षात क्रायसलरनं डॉज कॅराव्हॅन आणि प्लिमथ व्हॉएजर आणल्या, तिथून ही जात रुजली. बाजूला सरकणारं दार, आत तीन रांगा. आपल्याकडं त्याच १९८४ मध्ये मारुतीची व्हॅन आली, पुढं तिची ओम्नी झाली. हिंदी सिनेमानं त्या बिचारीला अपहरणाची गाडी करून टाकलं. खरं तर सरकणाऱ्या दारासारखी सोय नाही. बाजारपेठेतल्या गल्लीत, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला टू-व्हीलर लावलेल्या असताना म्हाताऱ्या माणसाला उतरवून बघा, मग कळतं. आज ते दार एकतर ईकोला मिळतं, नाहीतर पार महागातल्या गाडीला. मधल्या लोकांनी दार अर्धवट उघडून अंग चोरत उतरायचं.

आता सेडान. सेडान म्हणजे तीन खोल्यांचं घर. इंजिन वेगळं, माणसं वेगळी, सामान वेगळं. याचे फायदे खरे आहेत. डिकी बंद असल्यामुळं लसणाच्या पिशवीचा वास आत येत नाही. आतली हवा कमी, म्हणून एसी लवकर गार करतो. गाडी बुटकी, वळणावर कमी झुकते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागची सीट मागच्या चाकांच्या पुढं असते, चाकांवर नसते. खड्ड्यात चाक गेलं की सगळ्यात जास्त हिसका बसतो तो चाकाच्या वर आणि त्याच्या मागं बसलेल्याला. दोन चाकांच्या मध्ये बसलेल्याला कमी बसतो. एसटीत शेवटच्या बाकावर बसलेल्या कुणालाही विचारा.

तेव्हा माणसं चार असतील आणि पल्ला लांबचा असेल, तर सेडान. यात वाद नाही. होंडा सिटीची डिकी ५०६ लिटरची, ह्युंदाई व्हर्नाची ५२८. चार माणसांचा चार दिवसांचा संसार त्यात आरामात मावतो.

पण आपल्याकडं प्रश्न सिटी-व्हर्नाचा नसतोच, डिझायरचा असतो. आणि डिझायर ही मापानं नाही, कायद्यानं घडलेली गाडी आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात सरकारनं छोट्या गाडीचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. छोटी म्हणजे कोणती? लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. झालं, सगळ्या कंपन्या टेप घेऊन बसल्या. २००८ मध्ये टाटांनी इंडिगो कापून इंडिगो सीएस काढली. त्याच वर्षी आलेली पहिली स्विफ्ट डिझायर ४,१६० मिलिमीटर लांब होती, डिकी ४४० लिटर. २०१२ ला नवी डिझायर आली ती ३,९९५ मिलिमीटरची, आणि डिकी झाली ३१६ लिटर. गाडी फक्त १६५ मिलिमीटरनं, म्हणजे वीतभरापेक्षा थोडी कमी झाली, पण सव्वाशे लिटर सामानाची जागा गेली. पुढं त्यांनी डिकी वाढवत वाढवत आत्ताच्या मॉडेलला ३८२ लिटरवर आणली, ते कबूल. पण लांबी आजही तीच, ३,९९५. पाच मिलिमीटर सरकारला भ्यायला ठेवलेत.

त्यात सीएनजी घेतला की विषय संपला. डिकीत सिलिंडर आडवा झोपतो आणि शेजारी एखादी बॅग उभी राहते. टाटांनी टिगोरमध्ये एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन छोटे सिलिंडर तळाशी बसवून थोडी वाट काढली, पण रस्त्यावरच्या बहुतेक टॅक्सी बघा, सामान टपावरच्या कॅरिअरवर असतं. मग सेडानची तिसरी खोली राहिली कुठं?

आणि पाचवा माणूस! सेडानच्या मागच्या सीटवर मध्ये बसणारा हा जगातला सगळ्यात दुर्लक्षित प्राणी आहे. पायाखाली उंचवटा, पाठीला मधला टणक भाग, दोन्ही बाजूनं दुसऱ्यांचे खांदे. तिथं कोण बसतं? कधी घरातला कर्ता बसलेला बघितलाय? तिथं धाकटी सून बसते, नाहीतर कॉलेजातलं पोरगं.

अर्टिगाकडं येऊ. २०१२ ला आली आणि आपल्या भागात घरोघरी झाली. तिची मधली रांग म्हणजे माझ्या मते मध्यमवर्गीय माणसाला मिळणारी सगळ्यात चांगली बैठक. कारण उंची. सेडानमध्ये आपण खाली उतरून बसतो आणि बाहेर येताना गुडघ्यावर जोर देऊन उठतो. सात सीटरमध्ये सीट साधारण कमरेच्या उंचीला येते, माणूस नुसता वळून टेकतो. तरुणाला हा फरक कळत नाही. गुडघे गेलेल्या बाईला पहिल्या मिनिटात कळतो. शिवाय सीट मागं-पुढं सरकते, पाठ कलती होते.

पण ही झाली मधली रांग. तिसरी रांग ही वेगळीच कथा आहे. तिथं जायचं म्हणजे मधली सीट पुढं ढकलायची, वाकायचं, एक पाय आत टाकायचा आणि मग कुठंतरी धरून दुसरा ओढून घ्यायचा. बसल्यावर कळतं की गाडीचा तळ वर आलाय आणि सीट खाली राहिलीय. मांड्या हवेत, गुडघे छातीशी. खाली मागचं चाक, म्हणजे प्रत्येक स्पीडब्रेकरचा हिशोब थेट पाठीच्या मणक्यात. काच छोटी, ती उघडत नाही. ज्याला गाडी लागते त्याला तिथं बसवणं हा निव्वळ छळ आहे.

आणि तिथं नेमकं कोण बसतं? लग्नाला, जत्रेला, देवदर्शनाला निघालेली कुठलीही सात सीटर बघा. पुढं जावई किंवा आण्णा. मध्ये वजनदार मंडळी. आणि मग दारात उभं राहून कुणीतरी म्हणतं, "आक्का, तू बस की मागं, तुला काय, बारीक हाईस." आक्का सत्तरीच्या. आक्का काही बोलत नाहीत, पदर खोचून आत शिरतात. सोबत दोन नातवंडं आणि पायाशी फराळाचा डबा. गाडी घेताना "आईसाठी मोठी गाडी घेतली" असं स्टेटस टाकलेलं असतं. आई कुठल्या रांगेत बसते त्याचा फोटो कुणी टाकत नाही.

सामानाचं गणित तर कुणी करतच नाही, मी करून ठेवलंय. डिझायरची डिकी ३८२ लिटर, माणसं पाच. माणशी ७६ लिटर. अर्टिगाच्या तिन्ही रांगा उभ्या असतील तर मागं उरतात २०९ लिटर, माणसं सात. माणशी ३० लिटर. रेनॉची ट्रायबर चार मीटरच्या आत सात सीट बसवते, तिथं सातही सीट लावल्यावर उरतात ८४ लिटर, माणशी १२. आपण पाण्याचा जार आणतो तो २० लिटरचा असतो. म्हणजे डिझायरमध्ये प्रत्येकाला जवळजवळ चार जारांएवढी जागा, अर्टिगात दीड जार, आणि ट्रायबरमध्ये अर्ध्या जारापेक्षा थोडी जास्त. अर्टिगाची तिसरी रांग पाडली की ५५० लिटर मिळतात, पण मग ती पाच सीटरच झाली की. शोरूममधला माणूस सात सीट आणि ५५० लिटर या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात सांगतो. दोन्ही खऱ्या, फक्त एकावेळी नाहीत.

ही गोष्ट आपल्या गलाई बांधवांना सांगायला नको. विटा, खानापूर, आटपाडीतली किती घरं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यापायी देशभर पसरलीत. कोईमतूरकडून जत्रेला निघालेलं कुटुंब हजार किलोमीटर येतं. रेल्वे विट्याला नाही. कराडला नाहीतर सांगलीला उतरून पुढं परत गाडी बघायची, म्हणून माणसं सरळ रस्त्यानं येतात. त्यातले जाणते लोक काय करतात बघा. सात सीटर घेतात, पण माणसं पाचच बसवतात. तिसरी रांग पाडून सामान, मध्ये बायका-पोरं पाय पसरून. हा अनुभवातून आलेला शहाणपणा आहे. सात सीटर ही सात माणसांची गाडी नसून पाच माणसांची ऐसपैस गाडी आहे, आणि सातजण तीत तासाभराच्या प्रवासापुरते.

आता दवाखान्याचं. विट्याहून तासगावमार्गे मिरज-सांगली पन्नास-साठ किलोमीटर. आपल्याकडचा पेशंट डायलिसिसला, ऑपरेशनला, तपासणीला तिकडंच जातो. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढं प्रवास फुकट आहे, चांगली गोष्ट आहे. पण डॉक्टरची वेळ आणि एसटीची वेळ जुळत नाही आणि डायलिसिस करून आलेला माणूस स्टँडवर तासभर बसू शकत नाही. मग भाड्याची गाडी. इथं सेडान आणि सात सीटर यातला फरक हा चैनीचा राहत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा जाणाऱ्या पेशंटला बुटक्या सीटवरून उठवताना घरच्या माणसाला बगलेत हात घालावा लागतो. उंच सीटवर तो स्वतः उठतो. स्वतः उठणं म्हणजे काय असतं ते ज्याच्या घरी पेशंट आहे त्याला विचारा. पण सात सीटरचं किलोमीटरचं भाडं जास्त, म्हणून माणसं डिझायर सांगतात. पैसे वाचतात, ते कुणाच्या गुडघ्यातून वाचतात ते बघितलं जात नाही.

सुरक्षेवरही बोलतो, नाहीतर म्हणाल ते टाळलं. २०२४ च्या नोव्हेंबरात ग्लोबल एनकॅपनं नव्या डिझायरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे दिले. त्याच वर्षी जुलैत त्यांनी अर्टिगाला एक तारा दिला होता. त्या चाचणीतल्या अर्टिगाला दोनच एअरबॅग होत्या, नंतर कंपनीनं सहा दिल्या. तरीही फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. मोठी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, हा आपला समज पत्र्याच्या आकारावर बेतलेला आहे. आणि तारे कितीही असोत, पट्टा लावला नाही तर उपयोग शून्य. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी, मागची सीट, पट्टा नाही. आपल्याकडं तर मागचे पट्टे सीट कव्हरच्या खाली गाडले जातात, गाडी नवी असतानाच.

इथपर्यंत झाला घरातला विषय. पण ही पोस्ट लिहायचं खरं कारण पुढं आहे, आणि त्यावर कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतोय.

नव्या जीएसटीत चार मीटरच्या आतल्या छोट्या गाडीवर कर १८ टक्के. दहा किंवा जास्त माणसं नेणाऱ्या गाडीवर, म्हणजे बस-मिनीबसवर, तोही १८ टक्के. आणि मधे जी सात सीटर आहे तिच्यावर ४० टक्के. कारण अर्टिगा जवळपास ४.४ मीटर लांब आणि इंजिन १,४६२ सीसी. आधी डिझायरला सेस धरून २९ टक्के होते, अर्टिगाला ४५. दोन्ही कमी झाले म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण दोघींमधलं अंतर बघा. आधी १६ टक्क्यांचं होतं, आता २२ चं झालं.

म्हणजे नवरा-बायको आणि एक पोरगं असेल तर १८ टक्के. पन्नास माणसांची बस असेल तर १८ टक्के. आई-वडील, दोन भाऊ, दोन सुना आणि एक नातू असं एकत्र कुटुंब एकाच गाडीतून जायचं म्हणालं, तर ४० टक्के. एकत्र कुटुंबाचं कौतुक भाषणात करायचं आणि बिल फाडताना त्याला चैनीच्या रांगेत उभं करायचं, याला काय म्हणायचं? याच कुटुंबानं दोन छोट्या गाड्या घेतल्या, दोन इंजिनं जाळली, रस्त्यावर दुप्पट जागा अडवली, तर सरकार त्यांच्यावर खूश. ही छोटी गाडी ठरवायची व्याख्या लांबी आणि सीसी मोजते. आत किती माणसं बसतात हा कॉलमच तिच्यात नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. लांब गाड्यांवरचा कर उतरवला तर फायदा अर्टिगावाल्यापेक्षा इनोव्हात एकटं फिरणाऱ्या साहेबांचा होईल. मला मान्य आहे. एका माणसाला न्यायला सात सीटर आणि तिच्यामागं रिकामी दुसरी, हे आपण प्रत्येक दौऱ्यात बघतो. म्हणून सरसकट सूट मागतच नाही. तीन रांगा, १५०० सीसीच्या आतलं इंजिन आणि किमतीला वरची मर्यादा, एवढ्यात बसणाऱ्या गाडीला १८ टक्के लावा. साहेबांची गाडी आपोआप बाहेर राहील. टॅक्सी परमिटवर नोंदलेल्या गाडीला तर हे पहिल्यांदा द्या, कारण भाड्याच्या गाडीची किंमत शेवटी पेशंटच्या भाड्यातच येते.

आणि त्याबरोबर कंपन्यांना बंधनही घाला. सूट हवी असेल तर तिसऱ्या रांगेतून जाहिरातीतली मॉडेल नाही, साधा माणूस चढता-उतरता आला पाहिजे. नाहीतर चार मीटरच्या नियमानं जशी डिकी कापली, तशी या नियमानं तिसरी रांग नुसती कागदावर येईल. आपल्या देशात गाडी रस्ता बघून कमी आणि राजपत्र बघून जास्त बनते.

तर ज्यांनी विचारलं होतं त्यांना उत्तर. घरात चारजण, वर्षातून दोनदा लांबचा प्रवास, म्हातारं माणूस नाही: डिझायर घ्या, पेट्रोलची घ्या, डिकी शाबूत राहील. घरात गुडघ्याचं दुखणं आहे, दवाखान्याच्या फेऱ्या आहेत: सात सीटर घ्या, हप्ता थोडा जास्त बसेल, पण तिसरी रांग पाडून ठेवा. सात माणसं रोज न्यायची असतील तर दोन्हीतली कुठलीच पुरत नाही. आणि टेस्ट ड्राइव्हला जाताना एकटे जाऊ नका. ज्याला तुम्ही शेवटच्या सीटवर बसवणार आहात त्याला घेऊन जा, तिथंच बसवा, आणि विटा-खानापूर रस्त्यावर जाऊन परत या. चालवून बघायचं काम सेल्समनला करू द्या, तुम्ही त्या माणसाच्या शेजारी बसा.

जीएसटीच्या मागणीचं पत्र खासदारांना द्यायचंय, दीड पानाचा मसुदा तयार आहे. सही करायची असेल त्यांनी मेसेज करा, येत्या रविवारपर्यंत. गाडी असलीच पाहिजे अशी अट नाही.